भेटीच्या दिवसाचं ताट

चिमाआजीच्या घरातून कुणी उपाशी खाली उतरलेलं नाही, हे वरच्या वाडीत कुणीही छातीठोकपणे सांगेल. पोस्टमन, विजेचं मीटर वाचणारा, लसीची पेटी खांद्याला लावून येणाऱ्या नर्सबाई, निवडणुकीच्या चिठ्ठ्या वाटणारे, सगळ्यांनी तिच्या पडवीत बसून काही ना काही तोंडात घातलेलं. एकदा मोबाइल टॉवरची जागा बघायला आलेला इंजिनियर वाट चुकून तिच्या खळ्यात उतरला. बिचाऱ्याला घाई होती. म्हातारीनं त्याचे बूट उचलून चुलीमागे ठेवले आणि दोन घावणं पोटात गेल्यावरच परत दिले.

ज्ञानेश्वरीला हे आधी ठाऊक असतं, तर पहिल्याच दिवशी तिनं 'नको' म्हणायची हिंमत केली नसती.

ज्ञानेश्वरी देवरूखची. वय अडतीस, नवरा अनिल रिक्षा चालवतो, मुलगी मनस्वी आठवीत. बी.ए. होऊन पंधरा वर्षं घरात बसल्यावर तिला हे काम मिळालं होतं. रत्नागिरीच्या एका संशोधन संस्थेनं साठीपुढची माणसं काय खातात, त्यांच्या अंगात ताकद किती उरते, आणि बाजारपेठेतल्या म्हाताऱ्यांत आणि डोंगरावरच्या म्हाताऱ्यांत फरक किती पडतो, हे तपासायचा तीन वर्षांचा प्रकल्प काढला होता. दर तीन महिन्यांनी, आधी कळवून, एकेका घरी जायचं आणि दिवसभर बसायचं. शिजवण्याआधी तांदूळ, पीठ, डाळ तोलायची. शिजल्यावर भांडं तोलायचं. दिवसाअखेर उरलेलं तोलायचं. वजाबाकी केली की पोटात गेलं ते कळतं. मग माणसाचं वजन, दंडाचा घेर घ्यायचा, आणि हातात एक यंत्र देऊन मूठ आवळायला लावायची. ज्याचं अन्न ठरावीक रेषेच्या खाली निघेल, त्याच्या घरी दर महिन्याला डाळ, शेंगदाणे, गूळ आणि सत्त्वाच्या पिठाची पिशवी पोचवायची. काम सरळ होतं, आणि ज्ञानेश्वरी ते मन लावून करायची. दोन ग्रॅमचा फरक आला तरी पुन्हा तोलायची. तिच्या फॉर्मवर ऑफिसातून कधी लाल गोल पडून आला नव्हता, आणि ह्या गोष्टीचा तिला थोडा जास्तच अभिमान होता. वाड्यांमधून तिचं नाव पडलं होतं काटेवाली.

वरची वाडी म्हणजे देवरूखपासून एसटीनं पाऊण तास, आणि मग जांभ्याच्या दगडांची उभी घाटी चढून अर्धा तास. पाहणीतली अकरा घरं तिथं होती. बहुतेक घरांत एक म्हातारी किंवा एक म्हातारा आणि एक कुत्रा. बाकीची माणसं मुंबईला.

चिमाआजी त्यातलीच. पंधराव्या वर्षी लग्न होऊन ती ह्या वाडीत आली. नवरा मुंबईत गिरणीत होता. गिरणी बंद पडल्यावर घरी आला आणि पाच-सहा वर्षांत खोकून खोकून गेला. तिनं उतारावर नाचणी आणि खालच्या मळीत भात काढून दोन मुलगे वाढवले. थोरला केरू नालासोपाऱ्याला वॉचमन, धाकटा लवू डोंबिवलीला कुरियरच्या गोदामात. सत्तरीपर्यंत ती स्वतः लावणीला वाकायची. मग गुडघे गेले, मळी पडीक राहिली आणि चिमाआजी रेशनच्या तांदळावर आली. तोही घाटीच्या पायथ्याशी मिळायचा. शेजारच्या गंगुबाईची सून महिन्यातून एकदा तीन म्हाताऱ्यांचा तांदूळ डोक्यावरून वर आणायची.

पहिल्या भेटीला ज्ञानेश्वरीनं काटा मांडला, सगळं तोलून झालं, आणि म्हातारीनं तिच्यापुढे ताट ठेवलं. तांदळाची भाकरी, कुळथाची पिठी, सुक्या जवळ्याची चटणी आणि भात.

"नको हं आजी," ज्ञानेश्वरी म्हणाली. "आम्हाला नियम आहे. ज्या घरी पाहणी, तिथं काही खायचं नाही."

"कोनाचा नियम?"

"ऑफिसचा."

"मग तुज्या आपिसाचा काटा तुज्या आपिसात नेऊन ठेव. हितं नियम माजा. तू जेवनार नसशील, तर मी बी तुज्या त्या पाट्यावर उभी ऱ्हानार न्हाय."

आणि खरंच, वजनकाट्याकडे पाठ करून ती दारात जाऊन बसली. पाच मिनिटं गेली, दहा गेली. कोंबडीसुद्धा दोघींकडे बघून निघून गेली. शेवटी ज्ञानेश्वरीनं हात धुतले.

"तुम्ही पण बसा ना आजी माझ्याबरोबर."

"मी मागनं जेवतंय. पावन्याच्या आदी कोन जेवतं गो?"

फॉर्मवर एक रकाना होता, 'आज घरात जेवलेले पाहुणे'. तिथं एक लिहावं तर विचारतील, कोण पाहुणा? मी, असं सांगावं तर काम जाईल. अर्धी भाकरी आणि चार घास भात, त्यानं काय मोठा फरक पडणार, असा विचार करून दोन ग्रॅमसाठी पुन्हा तोलणाऱ्या ज्ञानेश्वरीनं त्या रकान्यात शून्य घातलं. उरलेल्या भातावर म्हातारीनं झाकण ठेवलं होतं. "रातचा खाईन," ती म्हणाली. तोही मग तिच्याच पोटात धरला गेला.

मग ते असंच चालू राहिलं. संस्थेनं प्रत्येक घराला एक कॅलेंडर दिलं होतं. ज्ञानेश्वरी निघताना पुढच्या भेटीच्या तारखेला गोल करायची, आणि चिमाआजी त्या गोलात कुंकवाचं बोट टेकवायची. तिला आकडे वाचता येत नसत, पण कुंकू दिसायचं. भेटीच्या दिवशी चूल सकाळपासून पेटलेली असायची. कधी सुकट घातलेलं वालाचं कालवण, कधी आंबोशीची आमटी, एकदा तर कुठून तरी पैदा केलेलं अंडं. आणि ज्ञानेश्वरी जेवायची. 'पुरे' म्हटलं की पळीभर जास्त पडायचं.

खरं सांगायचं तर तिला ते हवं असायचं. घरी ती सासूला वाढायची, अनिलला वाढायची, मनस्वीला वाढायची आणि मग ओट्याशी उभ्या उभ्या उरलंसुरलं खायची. तिची आई गेली त्याला तेरा वर्षं झाली होती. तेव्हापासून 'बस गो, अजून घे' असं म्हणून तिच्या ताटात कुणी काही घातलं नव्हतं. वरच्या वाडीच्या दिवशी ती डबासुद्धा नेईनाशी झाली. अकराही घरांत तोच प्रकार होता. सगळीकडे ती काट्याची बाई म्हणून चढायची आणि माहेरवाशीण म्हणून उतरायची.

देवरूखच्या बाजारपेठेत मात्र कुणी तिला पाणीसुद्धा विचारत नसे, त्यामुळे तिथले आकडे चोख यायचे. निवृत्त मुख्याध्यापक श्याम मास्तर साखरेच्या आजारामुळे रात्री एक फुलका आणि वाटीभर दुधी खायचे. तेवढंच तोललं गेलं, मास्तर रेषेच्या खाली गेले आणि त्यांना दर महिन्याला पिशवी चालू झाली. त्यातले शेंगदाणे ते परसातल्या खारींना घालत. वरच्या वाडीत एकालाही पिशवी लागू झाली नाही. दीड वर्षानं बैठकीत प्रकल्पाच्या प्रमुख उल्का मॅडमनी पडद्यावर तक्ता दाखवला, तेव्हा वरच्या वाडीचा आकडा बाजारपेठेच्या वर होता. "डोंगरावरची माणसं आपल्यापेक्षा बरी जेवतायत!" मॅडम आनंदानं म्हणाल्या. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. ज्ञानेश्वरीनंही वाजवल्या.

चिमाआजीचं वजन मात्र उतरत होतं. पहिल्या भेटीला त्रेचाळीस किलो भरलं होतं, सातव्या भेटीला सदतीस. दंडाची फीत दर वेळी एक रेघ मागे यायची. मूठ आवळायचं यंत्र हातात दिलं की ती दात चावून जोर लावायची आणि काटा जेमतेम हलला की हसायची. "म्हैस हुती तवा मूठ लागायची गो. आता काय करायचीय मूठ?"

आठव्या भेटीला वजन पस्तीसवर आलं, तेव्हा ज्ञानेश्वरीनं उल्का मॅडमना फोन केला. मॅडमनी चिमाआजीचे सगळे फॉर्म काढून पाहिले. मॅडम प्रामाणिक, मनानं चांगल्या. त्यांचा तर्कही चुकीचा नव्हता: खाणं पुरेसं आहे आणि तरी वजन घटतंय, म्हणजे आत काहीतरी आजार असणार. क्षय असेल, साखर असेल, आतड्याचं काही असेल. पिशवीचा प्रश्नच येत नव्हता, पिशवी कमी खाणाऱ्यांसाठी होती.

अनिलनं घाटीच्या पायथ्याशी रिक्षा आणली. ज्ञानेश्वरीनं म्हातारीचा हात धरून तिला खाली उतरवलं आणि रत्नागिरीला दवाखान्यात नेलं. रक्त झालं, थुंकी झाली, छातीचा फोटो झाला. तरण्या डॉक्टरनं विचारलं, "आजी, जेवण नीट जातं ना?"

"जेवतंय की. हिला इचारा, हिनं तोलून बगितलंय."

ज्ञानेश्वरीनं मान डोलावली.

दुपारी दवाखान्याच्या आवारात बाकावर बसून तिनं स्वतःचा डबा उघडला आणि म्हातारीपुढे धरला. तीन पोळ्या आणि बटाट्याची भाजी. चिमाआजी आधी 'तू खा' म्हणाली, मग एक घास घेतला, आणि मग बोलायची थांबली. दोन पोळ्या तिनं मान वर न करता संपवल्या. तिसरीचा अर्धा तुकडा हळूच पदराच्या टोकाला बांधला. ज्ञानेश्वरीनं ते पाहिलं, आणि म्हाताऱ्या माणसांना असते अशी सवय, असं मनाशी म्हणून सोडून दिलं. पुढे कितीतरी दिवस तो पदराचा गाठीएवढा फुगवटा तिच्या डोळ्यांपुढून हलला नाही.

तपासण्यांचे कागद यायला महिना लागला. सगळं साफ होतं. क्षय नाही, साखर नाही, काही नाही. गणपतीला आठ दिवस होते. बरी बातमी फोनवर काय सांगायची, म्हणून ज्ञानेश्वरी कागद घेऊन न कळवता वर गेली. दोन वर्षांत पहिल्यांदाच ती आजीला आधी ठाऊक नसताना तिच्या दारात उभी राहिली.

दुपारचा एक वाजला होता. चूल थंड होती. चिमाआजी भिंतीला टेकून बसली होती आणि पुढ्यात जर्मनचं एक वाडगं होतं. त्यात पेज होती. पेज तरी कशी म्हणावी, पांढरट पाण्याच्या तळाशी चिमूटभर शितं होती, आणि बाजूला मीठ. ज्ञानेश्वरीला पाहताच म्हातारीनं वाडगं पाठीमागे सरकवलं. चोरी पकडली जावी तसा तिचा चेहरा झाला.

"आज कशी आलीस? आज कुकू न्हाय."

"कागद आलेत आजी. सगळं चांगलं आहे." ज्ञानेश्वरी वाडग्याकडे वाकली. "काय खात होतात?"

"काय न्हाय. बस. मी भाकरी टाकतंय."

म्हातारी भिंतीला धरून उठली आणि फळीवरचा बिस्किटांचा पत्र्याचा डबा काढू लागली. ज्ञानेश्वरीनं तिच्या हातातून तो घेतला. आत तांदळाची पुरचुंडी, कुळथाचं पीठ, कागदात बांधलेला मूठभर जवळा. कोपऱ्यात मोठी कणगी होती, तिचं झाकण तिनं उचललं. कणगी तांदळानं जवळजवळ भरलेली होती.

"तांदूळ आहे की घरात! आणि तुम्ही हे पाणी पिता?"

"त्यो पोरांचा हाय." चिमाआजी खाली बसली. "गनपतीला येतील. दोगांची मिळून सात मान्सं, आट दिवस. कनगीत हात घातला नि तळ लागला तर पोरं काय म्हनतील? आयच्या घरात खायाला न्हाय? मग येतील का पुडच्या साली?"

"आणि हा डबा?"

"त्यो तुजा."

ज्ञानेश्वरीनं डब्यातली पुरचुंडी पुन्हा हातात घेतली.

"रोजचा थोडा थोडा बाजूला टाकतंय," म्हातारी समजुतीच्या सुरात सांगू लागली, जणू चूक ज्ञानेश्वरीचीच होती. "तीन म्हयन्यांत येवडा हुतो. तू येवडी घाटी चडून येतीस, तुला काय पेज घालू? सांगून येतीस म्हनून बरं हाय. आज बग, न सांगता आलीस, आता काय करू मी?"

ज्ञानेश्वरीच्या मनात आकडे उभे राहिले. आठ भेटी. आठ वेळा ताट. कॅलेंडरवर गोल करून निघायची तेव्हा आपण काय करत होतो, ते तिला त्या क्षणी कळलं. पुढचे तीन महिने ह्या बाईनं कुठल्या दिवसासाठी उपाशी राहायचं, त्याची तारीखच ती ठरवून देत होती. आणि दर वेळी ते सगळं जेवून, पाण्याचा तांब्या रिकामा करून, फॉर्मवर लिहीत होती की आजी पुरेसं जेवते. ती ढसाढसा रडली. चिमाआजी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली आणि म्हणत राहिली, "काय झालं गो? घरी काय झालं काय?"

शेवटी डोळे पुसून ज्ञानेश्वरी म्हणाली, "मी हे खरं लिहिते. ऑफिसला सांगते. तुम्हाला दर महिन्याला पिशवी मिळेल, डाळ, शेंगदाणे..."

"लिवू नको." म्हातारीनं तिचं मनगट धरलं. मूठ आवळायच्या यंत्रावर कधी दिसला नव्हता एवढा जोर त्या हातात होता. "आपिसातनं पिशवी आली की वाडी बगनार. पोरं येतील तवा त्यांच्या कानावर घालनार. केरूची आयस उपाशी मरते, केरू बगत न्हाय. पोरं वाईट न्हाईत गो. त्यांचंच त्यांना पुरत न्हाय. गनपती होऊंदे, पोरं येऊन जाऊंदे. मग काय तां लिव."

पुढची भेट चौदा ऑक्टोबरला होती. दीड महिन्याचाच प्रश्न होता. ज्ञानेश्वरी 'बरं' म्हणाली. त्यात म्हातारीची अब्रू राखायची होती हे खरं, पण आपलं शून्य उघडं पडायला तेवढाच अवधी मिळाला म्हणून मनाच्या एका कोपऱ्यात हायसं वाटलं, हेही खरं. ते तिनं स्वतःपासून लपवलं नाही, पण 'बरं' मात्र म्हणाली.

दोन दिवसांनी ती पुन्हा वर गेली आणि स्वतःच्या घरखर्चातून आणलेली मूगडाळ, शेंगदाणे, गूळ ठेवून आली. "हे पोरांचं नाही आणि माझं पण नाही. हे तुमचं. रोज खायचं." चिमाआजीनं मान डोलावली आणि निघताना तिच्या ओंजळीत आमसुलं घातली.

गणपती थाटात झाले. केरू आला, लवू आला, सुना, नातवंडं, घर भरून गेलं. कणगी उघडली गेली आणि तळापर्यंत उतरली. आयचं बरं चाललंय, असं बघून पोरं समाधानानं मुंबईला परतली. सुनेनं नवं लुगडं आणलं होतं. त्यात म्हातारी किती हरवून गेली होती, ते फोटोतही दिसत होतं. पण फोटो काढताना सगळे हसत होते, आणि सगळ्यांत जास्त तीच हसत होती.

सप्टेंबरच्या शेवटी तिला ताप आला. साधाच ताप, वाडीत तिघांना आला होता, दोघं चार दिवसांत उठून कामाला लागले. गंगुबाईनं काढा दिला, खाली निरोप धाडला. डॉक्टरकडे न्यायला डोली ठरत होती, तेवढ्यात तिसऱ्या दिवशी सकाळी चिमाआजी गेली. तापाला झेलायला अंगात काही उरलंच नव्हतं. कागदावर कारण लिहिलं गेलं, वृद्धापकाळ.

ज्ञानेश्वरीला हे अनिलकडून कळलं. दुसऱ्याच दिवशी ती रत्नागिरीची एसटी धरून ऑफिसात गेली. उल्का मॅडमच्या टेबलावर तिनं चिमाआजीचे आठ फॉर्म ठेवले आणि उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं.

मॅडमनी विचारलं, "बाकीच्या घरांत?"

"सगळीकडे जेवले मॅडम. अकराही घरांत. सगळीकडे शून्य लिहिलं."

"आणि बाकीच्या वाड्या? बाकीच्या तुमच्यासारख्या नऊ बाया?"

मॅडमनी चष्मा काढला. गेल्या वर्षी त्या स्वतः ज्ञानेश्वरीबरोबर तपासणीला वर गेल्या होत्या. चिमाआजीनं त्यांनाही खळ्यात अडवून घावणं आणि नारळाचा रस वाढला होता. छान लागला म्हणून त्यांनी दुसऱ्यांदा मागितला होता. ते आता दोघींनाही आठवत होतं.

"आपण लोकांना तारीख देऊन गेलो," मॅडम अखेरीस म्हणाल्या. "असं गेल्यावर इथलं कोण आपल्याला रोजचं जेवण दाखवणार होतं? मी इथलीच आहे ना. मला कळायला हवं होतं."

त्यांनी ज्ञानेश्वरीला काढून टाकलं नाही. त्यापेक्षा काढलं असतं तर तिला हलकं वाटलं असतं. डोंगरावरच्या सगळ्या घरांचे आकडे बाजूला ठेवायचे, पुन्हा तपासायचे, पिशव्यांसाठी वरच्या समितीकडे नव्यानं मागणी करायची, असं ठरलं. मंजुरीला चार महिने लागतील, असं कुणीतरी म्हणालं.

चौदा ऑक्टोबरला ज्ञानेश्वरी वर गेली. 'सहभागी मृत' अशी नोंद घरी जाऊन करायची असते, असं कारण होतं. दिवसकार्य उरकून केरू-लवू परत गेले होते. दाराला कुलूप होतं. पडवीच्या खांबावर कॅलेंडर तसंच लटकत होतं आणि चौदाच्या गोलात कुंकू होतं. ती तिथं किती वेळ उभी होती कुणास ठाऊक. शेजारच्या खळ्यातून गंगुबाईनं हाक मारली.

गंगुबाई अडुसष्ट वर्षांची, पाहणीतल्या अकरा घरांतली एक. सून माहेरी गेली होती, घरात ती एकटीच होती.

"ये बाय, बस. तुजी वाट बगत हुते. चिमानं सांगून ठेवलान, ती बाई आली तर जेवायला घाल, उपाशी उतरू देऊ नको. तापात बी तांच बोलत हुती. डबा माज्याकडं दिलान."

तिनं आतून तो पत्र्याचा डबा आणून दाखवला. तो आता जवळजवळ रिकामा होता. तळाशी देवरूखच्या दुकानाची दोन पाकिटं होती. शेंगदाण्याचं पाकीट न फोडलेलं, रबर लावलेलं तसंच. गुळाचा खडा आख्खा. मूगडाळीचं पाकीट मात्र आज सकाळी गंगुबाईनं फोडलं होतं.

गंगुबाईनं ताट आणून तिच्यापुढे ठेवलं. वाफाळता भात, मूगडाळीची आमटी, बाजूला मीठ. काटा पिशवीतच होता. तो बाहेर काढायचं तिच्या मनातही आलं नाही.

"तू जेवलीस?" तिनं विचारलं.

"मी मागनं जेवतंय. तू बस आदी."

ज्ञानेश्वरी उठली. चुलीपाशी जाऊन तिनं भाताचा टोप बघितला. त्यात काही नव्हतं. फळीवरून दुसरं ताट घेतलं, आपल्या ताटातला अर्धा भात त्यात काढला, आमटी ओतली आणि ते गंगुबाईसमोर ठेवलं.

"आदी तू."

"असं न्हाय करत गो. पावन्याच्या आदी..."

"तू जेवल्याशिवाय मी घास उचलणार नाही. उतरतानाही उपाशीच उतरेन. मग चिमाआजीला काय सांगशील?"

गंगुबाई तिच्याकडे बघत राहिली. मग ताटाकडे बघितलं. मग ती मांडी घालून बसली, आणि पहिला घास घेतल्यावर बोलायची थांबली. तिनं मान खाली घातली आणि भराभर जेवू लागली. ज्ञानेश्वरीनं डोळे पुसले आणि आपल्या ताटातला उरलेला भातही हळूच तिच्या ताटात सरकवला. गंगुबाईच्या ते लक्षातही आलं नाही.